दिशाच्या हाडांत कोंडलेला मी

धडधाकट माणसाला खोलीत कोंडून आजाऱ्याच्या हाती घराचा कारभार कुणी देतं का?

पेशी देते. तिनेच कोंडलेला एक जनुक मी बोलतोय. पुणतांब्याच्या दोन वर्षांच्या दिशाच्या हाडांत, जिथे रक्त तयार होतं, तिथे माझा मुक्काम आहे. तसा मी तिच्या डोळ्यांतही आहे. पण कुणी कुठे बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे पेशी ठरवते.

दिशा आईच्या पोटात होती तेव्हा तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन माझ्याच हुकमाने बनायचं. जन्मानंतर काही महिन्यांत पेशीने मला गुंडाळून ठेवलं आणि काम माझ्या भावाकडे, म्हणजे शेजारच्या जनुकाकडे सोपवलं. रीतच आहे ती. हा भाऊ प्रत्येकात जोडीने येतो, पण दिशाला मिळालेले दोन्ही, एक आईकडचा, एक वडिलांकडचा, बिघडलेले. काम होत नाही हे दिसत असूनही माझं कुलूप कुणी काढेना. पेशी हे तुमच्या कचेऱ्यांकडूनच शिकली असावी.

पोर पांढरीफटक पडली. नगरला सावेडीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थॅलेसेमिया आहे. सारखं रक्त चढवावं लागेल."

आजी आक्काबाईंचं निदान आधीच तयार होतं. "सुनेच्या रक्तातच खोट हाय."

सून दीपा म्हणजे त्यांच्याच सख्ख्या भावाची, शेवगावच्या रंभाजींची मुलगी. घरची पोरगी घरात राहील म्हणून हट्टाने आणलेली.

"आत्या, माझं रक्त तुमच्या भावाचंच न्हाई का?" दीपाने विचारलं.

"भावाचं सोनं हाय. तुझ्या आयकडनं आलं आसंल."

मग ठरलं. दीपाला माहेरी धाडायचं आणि तिच्या नवऱ्याला, प्रशांतला दुसरी करायची. दुसरी कोण? दीपाचीच धाकटी बहीण सीमा. तीच आई, तोच बाप. पण इतका विचार कोण करतो? प्रशांत गप्प. त्याला तर कुणी कोंडलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला मागितलं, रंभाजींचंही. आपलं चोख आहे हे दाखवायला आक्काबाईंनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला.

"आजी, बिघडलेला जनुक प्रशांतला तुमच्याकडून आला आणि दीपाला तुमच्या भावाकडून," बाईंनी सांगितलं. "एकच असला तर माणूस ठणठणीत राहतो, म्हणून कळलं नाही. दोष कुणाचाच नाही. पण तो सीमातही असू शकतो."

"तुमचं मशीनच बिघडलंय," आक्काबाई म्हणाल्या. घरी येताच त्यांनी सीमाच्या सुपारीची तयारी सुरू केली.

बंद जनुक उघडायच्या औषधांवर परदेशात प्रयोग चाललेत, असंही बाई म्हणाल्या होत्या. लवकर उघडा मला, एवढंच मागणं आहे. आणि तोवर पोरीच्या आईला तरी घराबाहेर काढू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतने आईला सांगितलं, "सुपारी फुटायची न्हाई," आणि दीपाला व दिशाला घेऊन तो रक्त चढवायला नगरच्या एसटीत बसला.