बनुबाईंचा चष्मा पिशवीत राहिला

मित्रांनो, डावी काडी दोऱ्यानं बांधलेला एक जुना चष्मा तुमच्याशी बोलतो आहे.

सांगलीच्या एका दुकानात माझ्या काचा घासल्या आणि मी औंधजवळच्या बनुबाईंच्या नाकावर बसलो. अकरा वर्षं आम्ही मिळून तांदूळ निवडले, नातवंडांच्या बोटांतले काटे काढले. सकाळी उठल्याबरोबर त्या विचारायच्या, "माझं डोळं कुठं हाईत?" मला फार बरं वाटायचं.

मग त्या अंगणात पडल्या, खुबा मोडला. कऱ्हाडच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेताना त्यांचं मंगळसूत्र आणि मी, दोघांना रुमालात बांधून त्यांच्या मालकांकडे, आकाराम आजोबांकडे दिलं. ऑपरेशन झाल्यावर मंगळसूत्र लगेच गळ्यात परत गेलं. मी पिशवीतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बनुबाई चादरीवरच्या मुंग्या झटकू लागल्या. मुंग्या नव्हत्याच. आजोबांना त्या भाऊजी म्हणाल्या. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, अंगात आलंय, यमाईच्या देवळात न्या. सकाळी मात्र त्या नीट बोलायच्या. डॉक्टरांनी विचारलं की आजोबा सांगायचे, सगळं बरं आहे. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस, पण बायकोला कुणी वेडी म्हणेल याची त्यांना भीती वाटत होती. त्यात दोन दिवस गेले. बनुबाई जेवेनात, पाणीही पिईनात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी राजेश्वरी सिस्टरनी त्यांना रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार, शनिवार... आणि त्या खिडकीकडे बघत राहिल्या.

"आजोबा, घरी अशाच होत्या?"

आजोबा खाली बघत म्हणाले, "न्हाई ओ. साऱ्या भावकीच्या पोरांचं वाढदिवस तोंडपाठ हुतं. परवापासनं सुरू झालंय, संध्याकाळी लय वाढतंय. मीच बोललो न्हाई."

"हे वेड नाही, आजोबा. आजारानं आलेला भ्रम आहे. असा अचानक येतो, कमी-जास्त होतो. कारण शोधू. नीट दिसलं नाही की तो आणखी वाढतो. त्यांना चष्मा आहे का?"

लघवी तपासली, त्यात जंतू निघाले. औषध सुरू झालं आणि मी पिशवीतून बाहेर आलो. चार दिवसांनी बनुबाईंनी माझ्यातून मालकांकडे नीट बघितलं.

"आवं, दाढी कवा करनार? अस्वल दिसताय."

आजोबा हसले आणि तोंड फिरवून रडले.

त्यानंतर बनुबाई दोन वर्षं होत्या. गेल्या माघात गेल्या. आता मी देव्हाऱ्याशेजारी असतो.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस अचानक भलतंच बोलू लागलं, तर लाजून झाकू नका. कधीपासून, कोणत्या वेळी, ते डॉक्टरांना सांगा. आणि त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवा.

आजोबा आता रोज सकाळी दाढी करतात. मग मला पुसतात.