धबधब्याचं पाणी

सिंधुअक्का डब्बा टीव्हीसमोर फतकल मारून बसली. आता तिला तिथून उठवायला कुणाची माय व्यालीय? बाहेर नव्या बाकांचा टेम्पो उभा, आणि दारात धाकटा भाऊ नरसिंग. घरातच शिकवणी घेतो, म्हणून लातुरात पोरं त्याला नरसिंग सर म्हणतात. घरात त्याचं काही चालत नाही.

"अक्का, उद्या नवी बॅच हाय. ह्या कोपऱ्यात दोन बाकं बसतात. भंगारवाला पण येऊन थांबलाय."

"मग त्याला च्या पाज अन् वाटंला लाव."

टीव्ही जमिनीवरच होता. भूकंपापासून या घरात जड वस्तू कुणी उंचावर ठेवतच नाही. त्याला जोडलेला व्हिडिओ गेम मामानं हैदराबादहून आणलेला, दोघं भावंडं पत्र्याच्या शेडात राहत होती तेव्हा. आई-बाप ढिगाऱ्याखाली गेले आणि सहा वर्षांच्या नरसिंगची वाचाच बसली. दवाखाने झाले, अंगारे झाले, पोरगं हूं की चूं करेना. मग एका दुपारी गेममध्ये धबधबा आला. पोरानं याच टीव्हीच्या काचेला बोट लावलं आणि म्हणालं, "पाणी!" सिंधु ढसाढसा रडली होती. त्याला यातलं काही आठवत नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही.

पण म्हणून हा टीव्ही भंगारात? जीव गेला तरी नाही!

"गेम ठेव की," नरसिंग काकुळतीला आला. "नव्या टीव्हीवर खेळ. लई भारी केबल आणलीय मी. ठिपका न् ठिपका दिसतो."

"लाव बरं. धबधब्याचं पाणी दिसलं तर माझ्या हातानं देते भंगारात. न्हाई दिसलं तर बाकं माघारी."

"पाणी न दिसायला काय झालं? कबूल!"

त्यानं चपटा टीव्ही आणला आणि भिंतीला न टांगता खालीच ठेवला. अक्का गालात हसली. सर झाला तरी त्याच घरचा ना! गेमची पिवळ्या पिनेची जुनी वायर काढून त्यानं नवी केबल खोचली. चित्र असं लख्ख उठलं की गडी हरखून गेला. अक्का खेळत खेळत धबधब्यापाशी आली.

कसलं पाणी! पडद्यावर नुसते तुरुंगाचे गज. एक पांढरी रेघ, एक फट, पुन्हा रेघ. गेम करणाऱ्यानं मुळात रेघाच आखल्या होत्या. जुन्या वायरीत आणि जुन्या काचेवर त्या एकमेकींत मिसळायच्या, तेव्हा कुठं त्यांचं पाणी व्हायचं. नवी केबल मिसळूच देईना.

नरसिंगनं केबल हलवली, रिमोट बडवला. शेवटी गुडघ्यांवर बसला आणि पडद्याला बोट लावलं.

"अक्का, पाणी?"

हा आवाज सरांचा नव्हता. पदरानं डोळे पुसत अक्का खेकसली, "बघत काय बसलास? पिवळी वायर लाव. अन् पुन्हा ह्या कोपऱ्याला हात लावलास तर याद राख!"

नरसिंगनं पिवळी वायर पुन्हा डब्बा टीव्हीला जोडली. मग तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि तिथूनच ओरडला, "ओ टेम्पोवाले, बाकं माघारी न्या!"