सुनीलची भुवई

अवसरी गावात कुणी काही रंगवलं, विणलं, काढलं, की ते गोजरबाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय पार पडत नसे. भैरवनाथाच्या भिंतीवर पेंटरनं घोडा काढला तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पावणं, शेपूट घोड्याचं हाय, पर तोंड शेरडाचं. द्येव बसायचा कशावर?" पेंटरनं दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्यानं तोंड बदललं.

आज तिच्यापुढं तिचाच धाकटा, मोहित, कागद धरून उभा होता. मंचरला त्याचं टॅटूचं दुकान. थोरला सुनील कारखान्याच्या ऐन गळीत हंगामात पारगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याची बायको अक्षदा एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, माझ्या हातावर त्यांचं तोंड गोंदून द्या." दुसरं काही मागितलं नव्हतं पोरीनं.

सुनीलचा फोन त्याच्याबरोबरच चिरडला होता. उरला तो चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचा फोटो. फ्लेक्सवाल्यानं त्याला गोरापान केलेला, गाल लोण्यासारखे. लग्नाच्या अल्बमातही तीच तऱ्हा.

गोजरबाईनं कागद लांब धरला. "हा कोन राजबिंडा? माझ्या सुनीलच्या भुवईला खोच व्हती. ल्हानपनी एडक्यानं शिंग मारलं. समोर बसवून मीच हळद भरलीया."

"कंच्या भुवईला? मला नीट आठवत नाय."

"डाव्या."

चुलीपाशी बसलेल्या अक्षदानं मान वर केली. "आत्या..."

"तू गप ऱ्हा. काल आलेली तू. मी त्याला जलम दिलाय."

अक्षदा पुन्हा भाकरी थापायला लागली. मोहित घुटमळला. "आई, एकदा सुई लागली की पुसत नाय हां."

"मग? मला काय म्हातारचळ लागलाय का रं?"

मोहितनं गोंदलं. सुई चालू असताना अक्षदा हूं की चूं बोलली नाही. पट्टी निघाली तेव्हा गोजरबाई कितीतरी वेळ त्या हाताकडं बघत राहिली, आणि जन्मात कुणाला न दिलेली शाबासकी तिनं मोहितला दिली. "झाला बघ माझा सुनील." त्यानंतर रोज सुनेचा हात मांडीवर घेऊन ती त्याला खोबरेल लावायची, खोचेवरून बोट फिरवायची. अक्षदा तेवढा वेळ दुसरीकडं बघायची.

वर्षश्राद्धाला सुनीलचा दोस्त हनुमंत आला. जेवणं झाल्यावर म्हणाला, "काकू, माझ्या हळदीचा व्हिडिओ सापडलाय. सुनील लई नाचलाय त्यात."

गोजरबाईनं फोन दोन्ही हातांत धरला. सुनील नाचत होता, घामेजलेला, सावळा, तिचाच. हसत हसत थांबला, अन् अक्षदानं पुढं होऊन त्याच्या भुवईवरची हळद अंगठ्यानं पुसली.

खोच उजव्या भुवईला होती.

"थांबीव," गोजरबाई म्हणाली. तिनं अक्षदाचा हात ओढून फोनाशेजारी धरला. पोराला समोर बसवून हळद भरलेली. तिच्या डाव्या हाताला आलेली भुवई पोराची उजवी होती, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस, भवाने?"

"बोलाया गेले व्हते, आत्या. तुमीच गप केलं."

गोजरबाई मोहितवर उखडली. "बघतोस काय? खरवडून काढ ते!"

"निघत नाय, आई. काळा रंग भरून झाकता येतंय फकस्त. मग तोंडच ऱ्हानार न्हाई."

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी." अक्षदानं हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. "डोळं मिटलं की मला बी आता हेच दिसतंय. आत्ता फोनात त्यांना बघितलं, तर वाटलं, फोनातलीच भुवई चुकलीया."

हनुमंतानं हळूच फोन काढून घेतला आणि खिशात घातला. गोजरबाईनं तो परत मागितला नाही.