कोठीतला ठसका

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. नंदुरबारजवळचं एक गाव. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, लाल मिरची वाळत पसरली आहे. वारा सुटला की गल्लीभर ठसका लागतो. माणसं बोलता बोलता खोकतात, गुरं शिंकतात. या दिवसांत गावात न खोकणारं कुणीच नसतं, एवढं ध्यानात ठेवा.

अशा गावात चेतनाचे वडील नवनीत पुण्याहून परत आले. ती त्यांना आबा म्हणायची. कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलं होतं. पूर्वी मिरचीची पोती ठेवायचे त्या कोठीत त्यांनी टेबल मांडलं. चेतनाला आधी फार आनंद झाला. आबा दुपारी गरम भाकरी खायचे, तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे. त्यांना भेटायला आता दिवाळीची वाट पाहावी लागत नव्हती.

मग काम लांबत गेलं. कोठीचं दार बंद राहू लागलं. चेतनानं ते वाजवलं की आतून आवाज यायचा, "आते नको बेटा, मिटिंग चालू शे." पुण्याला होतात तेव्हा निदान फोन तरी करायचात, असा टोमणा तिची आई रंजिता मारायची. आबा हसायचे. पुढे ते हसणंही थांबलं. जेवायला समोर बसत, पण नजर भिंतीवर.

एका संध्याकाळी जेवताना चेतनानं त्यांना वर्गातली गंमत सांगितली. आबांनी सावकाश मान वर केली.

"तुमचा आवाज तुटतोय," ते म्हणाले. "पुन्हा बोला."

त्या घरात चेतनाला कुणी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

रंजिता ताटावरून उठली. तिनं मूठभर मीठ आणि लाल मिरच्या घेतल्या, आबांवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. एरवी चुलीत एक मिरची पडली तरी सगळं घर खोकतं. पण माणसाला दृष्ट लागली असेल तर कुणालाच ठसका येत नाही, असं आमच्याकडे मानतात.

मिरच्या काळ्या पडल्या. धूर चेतनाच्या तोंडावरून गेला. ती खोकली नाही. आईही नाही. आबा तर भिंतीकडे बघत घास चावत होते.

तेवढ्यात बंद कोठीतून ठसका ऐकू आला.

आत कुणीच नव्हतं. पण तो ठसका चेतनाच्या ओळखीचा होता. आधी कोरडा खोकला, मग घसा खाकरून एक लांब 'हाऽ'. पुण्याहून आले त्या दिवशी पथारीजवळून चालताना आबा असेच खोकले होते. समोर बसलेल्या माणसानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

रंजिताच्या हातातला चिमटा खाली पडला.

चेतना उठली. त्या माणसापुढचं ताट तिनं दोन्ही हातांनी उचललं, कोठीपाशी नेलं आणि पायानं दार ढकललं. आत अंधार होता. टेबलावर लॅपटॉपचा निळा दिवा लुकलुकत होता. तिनं ताट उंबऱ्याच्या आत सरकवलं, शेजारी मांडी घातली आणि हळूच हाक मारली, "आबा, जेवाले ये."