राहण्याचा पुरावा

"सोमवारचं मौन धरलं का मंग दिवस बुडेपर्यंत तोंड उघडाचं नाही, गोपिका. खुणाही कराच्या नाही. देवाले दिलेला शब्द हाय थो."

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज गोपिकाकाकूंच्या कानातून गेला नव्हता. पुढे नवरा गेला, लेकी सासरी गेल्या, नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या घरात माणूस उरलं नाही; सोमवार मात्र कधी चुकला नाही.

समोरच्या खोलीत बळीराम भाड्यानं राहायचा. मध्य प्रदेशातल्या सौंसरचा पोरगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील वारले तेव्हा त्यांची स्कूटर घेऊन गावाहून परतला आणि पुढचं शिक्षण एका गोष्टीवर येऊन अडलं. मनोहरराव वकिलांना सकाळ-संध्याकाळ मोटार चालवायला माणूस हवा होता. बदल्यात ते कॉलेजची फी आणि खाणावळ पाहणार होते. अट एवढीच, की महिना संपायच्या आत लायसन हाती पाहिजे.

मोटार त्याला येत होती. गावच्या जिनिंगच्या ट्रकवर हात बसलेला. पण छिंदवाड्याच्या, त्याच्या जिल्ह्याच्या आर.टी.ओ. ऑफिसात म्हणाले, तू नागपूरला राहतोस, तिकडे जा. नागपूरच्या ऑफिसात म्हणाले, तू एम.पी.चा, तिकडे जा.

"छपन सालापर्यंत तं एकच राज्य होतं आपलं, काकू," बळीराम एकदा ओट्यावर बसून म्हणाला. "माहा बाप नागपूरले शिकला, तं राजधानीत शिकलो म्हणून मिरवे. मले मात्र परदेशी समजून राहिले."

"मंग माह्या घरात शिराले पासपोर्ट काढला का गा तू?" काकूंनी हळूच विचारलं, आणि दोघंही हसले.

हेलपाटे घालून घालून शेवटी ऑफिसनं मानलं. राहण्याचा पुरावा मिळाला, तर लायसनही होईल आणि स्कूटरला इथला नंबरही. काकूंनी भाड्याची पावती कधी फाडली नव्हती. तेव्हा ऑफिसचा माणूसच घरी येऊन चौकशी करणार असं ठरलं.

"फक्त हो म्हणजा, काकू."

"म्हणीन ना, बापा. त्यात का मोठं हाय?"

तो माणूस आला नेमका सोमवारी.

बळीराम कॉलेजात होता. काकू तुळशीपाशी माळ घेऊन बसल्या होत्या. "बळीराम नावाचा मुलगा इथे राहतो का?" त्यानं फाटकातून विचारलं. काकूंनी वर पाहिलं. माळेवरचा अंगठा थबकला. उद्या ये रे बाबा, त्या मनातल्या मनात म्हणाल्या, उद्या सांगते.

"बाई, राहतो की नाही?"

त्यांनी मान खाली घातली.

घरपट्टी वाढेल म्हणून भाडेकरू लपवणाऱ्या घरमालकिणी त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. तो वैतागून वळला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची पंचफुला कौतुकानं म्हणाली, "बळीराम ना? थो तं एम.पी.चा पोरगा! मोठा गुणाचा. जवा पाहा तवा मायले भेटाले गावी पळते."

माणसानं कागदावर काहीतरी खरडलं आणि सायकलवर टांग टाकली. काकू फाटकापर्यंत धावल्या. हाक काही मारली नाही.

दिवस बुडाल्यावर त्यांनी बळीरामला सगळं सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेला आणि उन्हातून परत आला. अहवालात 'राहत नाही' असं लिहिलं होतं. फेरतपास हवा, तर घरमालकिणीनं मोठ्या साहेबांपुढे येऊन सांगायचं. साहेब फक्त सोमवारी बसत.

त्यानं वार सांगितला आणि स्कूटर पुसायला घेतली. काकू तुळशीपाशी झाडू लागल्या. तो सोमवार आला आणि गेला. दोघांनी त्याचं नाव काढलं नाही. त्या दिवशी माळ ओढताना काकूंना जप आठवत नव्हता.

"काहून वं, गोपिकाबाई," पंचफुलानं तोंडावर सुनावलं, "मान तरी हलवाची होती! देवानं का फाशी देली असती?"

महिना संपला. मनोहररावांनी दुसरा माणूस ठेवला. फीची तारीख टळली आणि कॉलेजच्या हजेरीतून बळीरामचं नाव गेलं. जिनिंगच्या परतणाऱ्या ट्रकवर त्यानं स्कूटर चढवली, वळकटी बांधली.

"व्रत तुमचं होतं, काकू," तो खाली पाहत म्हणाला. "उपास मले घडला."

मग आपल्याच बोलण्यानं ओशाळून तो त्यांच्या पाया पडला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी साहेबाले जाऊन सांगीन, बळीराम. येत्या सोमवारी."

"आता का उपयोग?"

"तुले हो म्हणीन म्हणाली होती मी."

तो ट्रकवर चढला. ट्रक निघून गेला. समोरच्या खोलीच्या दाराला काकूंनी कुलूप घातलं नाही. आत होतंच काय?

सोमवारी त्या उठल्या, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. संकल्पाचं पाणी सोडायला पळी उचलली आणि तशीच खाली ठेवली. देवाकडे बघवलं नाही. काही मागितलंही नाही. मग पदर सारखा करून त्या बाहेर आल्या, फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि ऑफिसच्या रस्त्याला लागल्या.