महाराणीची सोबत

म्हातारा जन्मभर गायीवाला. गोठ्यात गायी, पलीकडे शेळ्या, अंगणभर कोंबड्या, दाराशी एक लठ्ठ कुत्रा, एवढ्यावर त्याचं छान चाललं होतं. घोडी आली ती लेकीच्या हट्टापायी. आईविना वाढलेल्या पोरीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. "दूध नाही, अंडी नाही, नुसती ऐट," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "रोज केस विंचरा आणि वर फिरायला न्या." चिडवायला म्हणून तो तिला महाराणी म्हणू लागला आणि तेच नाव पडलं.

लेक शिकली आणि समुद्रापलीकडच्या शहरात नोकरीला गेली. निघताना घोडीच्या मानेला गाल लावून बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, हिला सांभाळाल ना? मी येईपर्यंत?"

"सांभाळीन की. जाते कुठे ती," तो म्हणाला.

घोड्याचं त्याला फारसं कळत नव्हतं. गायींच्या खाद्यात एक औषध होतं, ते घोड्याच्या काळजाला झेपत नाही, हे मात्र लेकीनं त्याला चारचारदा बजावलं होतं. म्हणून ती पोती तो आतल्या खोलीत कडी लावून ठेवी. बाकी गोष्टी तो शिकत गेला. घोडी वासरांना जवळ फिरकू देत नसे. शेळ्यांचं तिला वावडं नव्हतं, पण एकीनं तिची शेपटी चघळल्यावर त्याही नकोशा झाल्या. दिवस कलला की ती फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राही. लेक त्याच वेळी घरी यायची.

"अगं, ती आता विमानानं येईल," म्हातारा तिला म्हणे आणि खरारा घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवू लागे. फोनवर जे बोलणं होत नसे, ते तो तिथे बोलून घेई. गुडघा दुखतो, तुझी खोली झाडून ठेवलीय, आमटी एकट्यापुरती करता येत नाही, नेहमी उरते. फोनवर मात्र, "सगळं बरं आहे. गायी बऱ्या, घोडी बरी."

एकदा सकाळी धारा काढून तो बाहेर आला, तर घोडी जागेवर नव्हती. आतल्या खोलीची कडी निघालेली, दार सताड उघडं, एक पोतं फाटून खाद्य जमिनीवर सांडलेलं, आणि त्यात घोडी उभी. तिला बाहेर ओढून त्यानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाईंनी येऊन घोडीच्या छातीला नळी लावली, हिरड्या पाहिल्या. "किती खाल्लं असेल, काका?"

"कुणास ठाऊक. मी पाहिलं तेव्हा तोंड भिंतीकडे होतं."

त्या भिंतीवरच्या खुंटीला लेकीचं जुनं जाकीट टांगलेलं असे. ते खाली पडलं होतं. त्याची बाही ओलीचिंब होती, चावून चावून मऊ झालेली. पोतं वाटेत होतं, ते खुराखाली आलं असावं. म्हाताऱ्यानं जाकीट उचललं आणि काखेत धरलं.

दिवसभर तो घोडीजवळून हलला नाही. बाई संध्याकाळी परत आल्या, तेव्हा ठोके नीट पडत होते.

"नशीब तुमचं. खाल्लं नसावं," बाई म्हणाल्या. "पण काका, ही एकटी पडलीय. गायी-शेळ्या असल्या तरी घोड्याला घोडाच लागतो. दुसरा आणा, नाहीतर हिला पागेत देऊन टाका."

त्यानं लेकीला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं, बाईंचं म्हणणंही.

"देऊन टाका, बाबा," ती म्हणाली. "मी तिकडे परत राहायला येईन असं आता वाटत नाही. तुम्हाला कसं सांगू तेच कळत नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

घोडी आहे तोवर लेकीला इकडची ओढ राहील, असं तो मनात धरून बसला होता. फोन ठेवल्यावर त्याला ते पहिल्यांदा उमगलं, आणि मग त्याला जेवण गेलं नाही.

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवायची एक पागा होती. तिथला मालक घोडीला ठेवून घ्यायला लगेच तयार झाला. बोलणं होऊन म्हातारा निघाला, तेवढ्यात टोकाच्या खणात त्याला एक पांढरा घोडा दिसला. एका डोळ्यावर पडदा आलेला, पाठ खाली गेलेली.

"याचं काय?"

"काही नाही. आता कुणी बसत नाही त्याच्यावर. खातो आणि उभा राहतो."

"आमच्याकडे तेवढंच काम आहे," म्हातारा म्हणाला.

घोडी द्यायला गेलेला माणूस घोडा घेऊन परत आला. महाराणीनं आधी कान पाडले, किंचाळली, पाय आपटले. पांढऱ्यानं लक्षच दिलं नाही, तो चरत राहिला. काही दिवसांत दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड करून उभे राहू लागले. याच्या तोंडावरच्या माश्या ती हाकलायची, तिच्या तोंडावरच्या हा. संध्याकाळी घोडी आता फाटकाकडे फिरकत नसे. म्हाताऱ्याला बरं वाटलं. तरी बोलायला कुणी उरलं नाही, असंही वाटलं.

"तुम्ही तर देणार होतात ना?" लेकीनं फोनवर विचारलं.

"द्यायलाच गेलो होतो."

ती हसली. तिचं हसणं त्यानं कितीतरी दिवसांनी ऐकलं. "आणि नाव काय ठेवलंत त्याचं?"

"ठेवलं नाही अजून. तू आलीस की ठेव," त्याच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. "सुट्टीचं बघते, बाबा," ती शेवटी म्हणाली. "नक्की सांगता नाही येणार."

"घाई नाही," तो म्हणाला.

सुट्टी लांबत गेली. पांढरा घोडा अंगानं भरला, गोठ्यातलं मांजर त्याच्या पाठीवर झोपू लागलं. सगळे विचारत, याचं नाव काय. म्हातारा हसून विषय बदली, आणि घोड्याला बोलवायचं झालं की कुंपणाशी उभा राहून नुसतं "अरे" म्हणे.