घरच्या माणसाला काय विचारायचं

कामरगावच्या शेतकऱ्यांनी प्रश्न जगदेववर सोपवला होता. अमेरिकेनं भारताच्या कापडावर कर लादला, म्हणून गिरण्यांच्या सोयीसाठी सरकारनं परदेशी कापसावरचा कर उठवला. मग आमच्या कापसानं कुठं जायचं, एवढंच आमदारांना भर सभेत विचारायचं. जगदेवची जीभ धारदार, म्हणून त्याची निवड. शेजारचा तय्यब तर म्हणाला, "तू इचार बिनधास्त. मांगं मी हाओ."

पण गावानं एक घोळ केला. सत्काराची शालही जगदेवच्याच हाती दिली.

त्यानं ती आमदारांना पांघरली. आमदारांनी ती काढली, मंचावरून उतरले, आणि पहिल्या रांगेतल्या मनकर्णाबाईच्या, जगदेवच्या आईच्या अंगावर घालून तिच्या पाया पडले.

"बरी हाय ना, माय?"

"जेवला का रे बाप्पा?" म्हातारीचे डोळे भरले होते. जगदेवचे वडील गेले तेव्हा हाच माणूस दारी आला होता, सतरंजी नको म्हणाला आणि भुईवर बसला. जगदेवचे सख्खे मेहुणे तेव्हा फिरकले नव्हते.

माईक हाती आला. जगदेवला प्रश्न पाठ होता. तोंडातून निघालं ते वेगळंच. "भाऊ आपल्या घरचे हायेत. घरच्या माणसाले काय इचाराचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तय्यबही वाजवत होता.

परतताना तय्यब म्हणाला, "वा रे वाघा! मस्त डरकाळी फोडली."

"मंग तू कायले टाळ्या पिटून राह्यला होता?"

तय्यबचा चेहरा उतरला. अनिसा त्याची लेक. "अनिसाले झटके आले तवा अकोल्याले न्याले गाडी त्यायनंच देल्ली होती. हात आपोआप उठले, यार."

घर येताच तय्यब आपल्या दाराकडं वळला.

घरात पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती. बायकोला, मंजुषाला, अंग चोरूनच वावरावं लागे. तिनं विचारलं, "मंग? कापसाचं काय म्हणले भाऊ?"

जगदेव चपला काढत राहिला. तेवढ्यात सभेहून परतणारा गावातला इंद्रभान दारावरून ओरडला, "जगदेवभाऊ, लय झकास बोलले!"

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मतदानाच्या दिवशी आपलं बोट भाऊंच्याच बटणावर जाईल, हे जगदेवला आताच ठाऊक होतं. ते मंजुषालाही कळलं असावं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याला मान वर करवेना.